तीस मिलिग्रॅमचा कायदा कुणाला लागतो?

गंगापूर रोडवर शनिवारी रात्री दहा-साडेदहाला उभे राहिले की दोन नाशिक एकाच रस्त्यावर दिसतात. धरणाकडून, सावरगावच्या बाजूने मोटारींची रांग शहराकडे येत असते. त्यांत मुंबई-पुण्याच्या नंबरपाट्या बऱ्याच. द्राक्षमळे पाहून, वाइनची चव घेऊन, एखाद्या रिसॉर्टवर जेवून ही मंडळी परत निघालेली असतात. त्याच रस्त्याच्या कडेने हॉटेलांत भांडी घासणारी पोरे, वेटर, सुरक्षारक्षक स्कूटीवर नाहीतर पायी घराकडे जात असतात. आनंदवल्ली-सोमेश्वरच्या टप्प्यात कधी बॅरिकेड लागलेले असते आणि शिपाई हातातले यंत्र तोंडापुढे धरून म्हणतो, फुंका.

शिपायाबद्दल आमची तक्रार नाही. तो त्याचे काम करतो आणि ते काम झालेच पाहिजे. पण या नाक्यांवर आम्ही जे पाहत आलो ते असे, की सर्वांत मुकाट्याने फुंकतो तो दुचाकीवरचा माणूस. मोठ्या गाडीतला आधी काच खाली करायला वेळ घेतो, मग फोन लावतो, मग यंत्र बरोबर आहे का असे विचारतो. यंत्रापुढे सगळे समान, हे खरे. यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या बाबतीत मात्र समानता नाही. आजचा आमचा सवाल त्याबद्दल आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८५ म्हणते, की शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे हाच गुन्हा. गाडी सरळ चालली होती की वाकडी, धडक झाली की नाही, हे बघण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हे दंड २ हजार आणि ३ हजार होते. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ८०, स्वीडनमध्ये २०. म्हणजे आपला कायदा कागदावर चांगलाच कडक आहे. गंमत अशी, की महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात रक्ताच्या चाचणीचा आकडा वेगळा आहे. तिथे ०.०५ टक्का, म्हणजे ५० मिलिग्रॅम. एका राज्यात, एकाच माणसाच्या रक्ताला दोन मापे.

तीस म्हणजे किती, याची कल्पना वाइनच्या चवी घेत फिरणाऱ्यांना बहुधा नसते. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असते. एका चवीला ३० मिलिलिटर धरले आणि पाच चवी घेतल्या, तर दीडशे मिलिलिटर वाइन पोटात गेली, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६० किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात एवढ्यावरच आकडा तीसच्या आसपास जातो. बाईच्या रक्तात त्याहून वर. जेवणाबरोबरचा आणखी एक पेला झाला की कायदा ओलांडला. आणि त्या वेळी माणूस लटपटत नसतो, बरळत नसतो. उलट त्याला आपण छान गाडी चालवतो आहोत असे वाटत असते. धोका तिथेच असतो.

कुणी म्हणेल, मग सरळ दारूच बंद करा. या प्रश्नावर आमच्या चळवळीत गोंधळ नसावा. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडवून हा खेळ कशाला, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. आणि १९५६ साली नागपूरला त्यांनीच दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. आम्हाला ती दिसत नाही. एक गोष्ट राज्याच्या तिजोरीची, दुसरी माणसाच्या शीलाची. पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते ते मद्यामुळे प्रमाद होतो म्हणून, माणूस बेसावध होतो म्हणून. स्टिअरिंगमागे बसलेल्या बेसावध माणसाची किंमत तो स्वतः क्वचितच मोजतो, रस्त्यावरचा दुसरा कुणीतरी मोजतो. तिथे राज्याने हात आखडून चालणार नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. रक्तातले अल्कोहोल थांबून राहत नाही. यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने संपवत असते. कुणाचे थोडे हळू, कुणाचे थोडे लवकर, पण घड्याळ प्रत्येकाचे चालूच असते. म्हणून दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात पुरावा म्हणजे वेळ. ज्याच्याकडे वेळ काढण्याची सोय आहे, त्याच्याकडे पुरावा नाहीसा करण्याची सोय आहे.

मुंबईच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे अ‍ॅलिस्टर परेराची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. रस्त्याच्या कामावरचेच मजूर ते. सात ठार, आठ जखमी. चालक जागेवरच सापडला, रक्त घेतले गेले, आकडा आला ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. सात माणसांना सहा महिने! लोक चिडले. उच्च न्यायालयाने २००७ मध्येच शिक्षा तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. तीन वर्षे पुरेशी होती का, हा वेगळा वाद. पण निदान रक्तातला आकडा शेवटच्या न्यायालयापर्यंत टिकला. आता हिशेब करून पाहा. तोच चालक साडेपाच तास कुठे लपून राहिला असता, तर ११२ चे ३० झाले असते आणि कायद्याच्या दृष्टीने तो शुद्धीवरचा सज्जन ठरला असता.

हे नुसते तर्कट नाही. ७ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत वरळीला कोळीवाड्यातले एक जोडपे मासळी घेऊन दुचाकीवर घरी परतत होते. बीएमडब्ल्यूने त्यांना उडवले, बाईला फरफटत नेले, ती गेली. आरोपी सत्ताधारी पक्षाच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्याचा मुलगा. तो पळाला आणि ९ जुलैला पोलिसांच्या हाती लागला. त्यानंतर रक्त-लघवी तपासली, अल्कोहोल नाही असा अहवाल आला. येणारच होता. वरातीमागून घोडे ते. कार्टर रोडची घटनाही पहाटेची आणि वरळीचीही. पहाट ही अशी वेळ आहे, की काहींची रात्र संपलेली नसते आणि काहींचा दिवस सुरू झालेला असतो. मरतात ते बहुतेक दुसरे.

पुण्याचे प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पोर्श गाडी, दोन तरुण इंजिनिअर ठार. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला म्हणून देश संतापला. आमच्या मते निबंधापेक्षा भयंकर गोष्ट दुसरीच होती. अपघात रात्री अडीचच्या सुमाराचा आणि ससूनमध्ये रक्त घेतले दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा. वर पोलिसांचा आरोप असा, की तो नमुना बदलून त्याच्या आईचे रक्त ठेवले गेले. डॉक्टरांना अटक झाली. खटल्यात काय ठरायचे ते ठरेल. २००२ च्या सलमान खान प्रकरणातही रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला होता. अहवाल ६२ मिलिग्रॅमचा आला. पण नमुना कसा घेतला, कसा ठेवला, कुणी नेला, यावर उच्च न्यायालयाने शंका घेतली आणि २०१५ साली त्याला निर्दोष सोडले. न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. पुरावा असा ढिला असेल तर न्यायालय दुसरे काय करणार?

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये दोन तासांचा उल्लेख आहे. कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. हे संरक्षण आम्हाला हवेच आहे. गरीब माणसाला रात्रभर कोठडीत सडवू नये म्हणून ते आहे. पण नीट वाचा. हे दोन तास अटकेपासूनचे आहेत, अपघातापासूनचे नाहीत. नाक्यावर सापडलेल्या रिक्षावाल्याची अटक आणि गाडी चालवणे यांत पाच मिनिटांचे अंतर असते. ज्याला लपायला फार्महाऊस आहे, पळायला दुसरी गाडी आहे, सल्ला द्यायला रात्री तीनला फोन उचलणारा वकील आहे, त्याच्या बाबतीत ते अंतर दोन दिवसांचे असते. कॅनडाने २०१८ मध्ये कायदा बदलला. गाडी चालवणे थांबवल्यापासून दोन तासांच्या आत रक्तात मर्यादेइतके किंवा जास्त अल्कोहोल असणे हाच तिथे गुन्हा. म्हणजे घड्याळ गाडीपासून सुरू होते, बेडीपासून नाही.

आमची मागणी याच दिशेची आहे. ज्याच्या गाडीखाली माणूस मेला किंवा जायबंदी झाला, त्याने दोन तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा सरकारी दवाखान्यात हजर होऊन रक्त द्यावे. दिले नाही, तर तो प्यालेला नव्हता हे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर टाकावा. चाचणी नाकारणे पुराव्यात विरोधात धरता येते, असे आजचे कलम २०५ सांगते. पळून जाणे हा नकाराचा सर्वांत मोठा प्रकार नाही का? आणि रक्ताच्या दोन सीलबंद नळ्या घ्याव्यात, एक प्रयोगशाळेत, दुसरी न्यायदंडाधिकाऱ्याच्या ताब्यात. नमुना बदलण्याचा मोह मग आपोआप कमी होईल, आणि निर्दोष गरिबालाही फेरतपासणी मागता येईल.

यावर आमचे ट्रकवाले भाऊ बिथरतील याची आम्हाला जाणीव आहे. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अपघातानंतर थांबलेल्या ट्रकचालकाला जमाव मारतो. म्हणून तो पळतो, दारू लपवायला नव्हे. सरकारने ते पोटकलम अजून लागू केलेले नाही. पण कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या रोषाची सबब आधीपासून मान्य आहे. जागेवर थांबू नका, ठाण्यात जा, एवढेच आम्ही म्हणतो. दहा वर्षे कैदेची भीती घालण्यापेक्षा दोन तासांत हजेरीची अट बरी. निर्व्यसनी चालकाला ती आधारच देईल.

दंडाबद्दल थोडे. दहा हजार रुपये म्हणजे सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराच्या घरचा महिन्याचा किराणा, शाळेची फी, भाडे. गंगापूर रोडच्या एखाद्या रिसॉर्टवर दहा हजार ही एका कुटुंबाच्या एका रात्रीची रक्कम आहे. एकाला तो दंड होतो, दुसऱ्याला ते एक बिल. फिनलंडमध्ये अशा गुन्ह्यांचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो, आणि ही पद्धत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. राज्यघटनेच्या कलम १४ चे नाव घेऊन सरसकट एक रक्कम लावणाऱ्यांनी, असमानांना समान वागवणे ही समता होते का, याचे उत्तर द्यावे.

गंगापूर रोड पुढे गिरणारेला जातो. तिथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे आदिवासी बायाबापे द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला रोजाने उचलले जातात, पिकअपमध्ये उभे राहून मळ्यांत जातात आणि अंधार पडल्यावर त्याच रस्त्याने चालत मुक्कामाला परततात. ज्या द्राक्षांची वाइन होते त्या वेलींनाही कुणाचे तरी हात लागलेले असतात. ते हात ज्यांचे, त्यांना रात्री या रस्त्याच्या कडेला धड पदपथ नाही की दिवा नाही. मळ्यांच्या, हॉटेलांच्या मालकांनी पाहुण्यांना रात्री शहरात पोहोचवणारी गाडी ठेवली तर त्यांचा धंदा बुडणार नाही. परवाना देताना ती अट घालायला सरकारला कुणी अडवलेले नाही.

गेल्या पाच वर्षांत या रस्त्यावरच्या जीवघेण्या अपघातांपैकी किती प्रकरणांत चालकाचे रक्त घेतले गेले आणि अपघातानंतर किती तासांनी घेतले गेले, एवढेच दोन प्रश्न माहिती अधिकारात विचारायचे आम्ही ठरवले आहे. अर्जाचा मसुदा तयार होतो आहे. नाशिकच्या वाचकांपैकी जे वकिली करतात त्यांनी त्यावर नजर टाकावी, आणि ज्यांच्या घरचे माणूस या रस्त्यावर गेले आहे त्यांनी आपल्या प्रकरणातली कागदपत्रे जपून ठेवावीत.