आधी जिन्याचे बोलू

बालपणीच्या पोलिओने माझा उजवा पाय निकामी केला. उदरनिर्वाह चालतो तो कुंचल्यावर. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी लग्नपत्रिकेची चित्रे घेऊन दांडिया बाजारातील आपल्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर बोलावले. जिना चढवत नाही, हे सांगावयास मी संकोचलो. कुबडी टेकीत वर पोहोचलो, तेव्हा हात असा थरथरत होता की, सुचवलेली दुरुस्ती कागदावर उतरेना. काम गेले. दोष त्या गृहस्थांचा नव्हता. त्यांना ठाऊकच काय होते?

सोय मागणे म्हणजे दया मागणे, ही समजूत आपल्या घरांत खोल मुरली आहे. वस्तुतः आपल्या फाइन आर्ट्सचे के. जी. सुब्रमण्यन् ज्यांचे शिष्य, त्या बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी पूर्ण गेल्यावरही शांतिनिकेतनात टाइल्सचे भित्तिचित्र उभारले, ते सहाय्यकांचे हात घेऊनच. म्हणून चित्र त्यांचे राहिले नाही काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही ‘वाजवी सोय’ मान्य केली आहे : समोरच्यावर अवास्तव भार न टाकणारा आवश्यक बदल. तथापि पत्रिकेच्या व्यवहारात कलमे काढण्यापेक्षा आधी बोललेले बरे.

हल्ली आकार, मुदत व मोबदला ठरवतानाच मी सांगतो : भेट तळमजल्यावर, दुरुस्त्या एकदाच आणि लेखी. एखादे गिऱ्हाईक मग फिरकत नाही. ती किंमत मी मोजतो. बाकीचे ओटीवर खुर्ची मांडून चहा सांगतात.

वाचकहो, काम देताना सोयीचे आपणच आधी विचारलेत, तर समोरच्याचा संकोच निम्मा सरेल.