कातड्यावरचा राजा, कोंबडीचा न्याय



आपल्यात आफ्रिकेचं नाव निघालं की मुठी वळतात. वळल्याच पाहिजेत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्या पँथरचं नाव घेऊन. ते नातं कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेलं नाही. २०१६ च्या जूनमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी घाना विद्यापीठाच्या लेगॉनच्या आवारात गांधींचा पुतळा उभा केला. तिथल्या प्राध्यापकांनी गांधींचं काळ्या माणसांबद्दलचं लिखाण काढून जगापुढं ठेवलं, आणि २०१८ च्या डिसेंबरात पुतळा तिथून हलला. आपल्यातल्या कैकांना आनंद झाला. मलाही झाला.

पण त्याच घानात, लेगॉनपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला गाम्बागा नावाचं गाव आहे. त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

अभ्यासवर्गात मी गाम्बागाचा विषय काढला की दोन-चार विद्वान लगेच उठतात. म्हणतात, हा गोऱ्यांचा चष्मा आहे. आफ्रिकेच्या राजांवर, त्यांच्या रीतीभातींवर बोलायचं म्हणजे साम्राज्यवाद्यांच्या हातात कोलीत द्यायचं. आधी आपली घाण काढा, मग काळ्या भावांच्या घरात डोकवा.

ह्या विद्वानांशी मला आज रोखठोक बोलायचंय.

आधी गाम्बागा काय आहे ते सांगतो. गावात एखादं पोर तापानं फणफणून दगावतं. हा मुलूख मेनिन्जायटिसच्या साथीच्या पट्ट्यातला. कोरडा वारा सुटला की मेंदूज्वर माणसं उचलतो. दवाखाना लांब, लस वेळेवर नाही. मग कुणाला तरी स्वप्न पडतं. स्वप्नात कोण येतं? गावचा सावकार येत नाही, राजा येत नाही. येते ती म्हातारी, रांडाव, पोटी पोर नसलेली, नाहीतर चार पैसे गाठीला बांधून कुणाचं न ऐकणारी बाई. तिला चेटकीण ठरवतात, मारतात, हाकलतात. ती जीव घेऊन पळते आणि गाम्बागाला येते. तिथल्या राजाला गाम्बाराना म्हणतात. त्याच्यापुढं कोंबडीचा गळा कापून कोंबडी टाकतात. कोंबडी पाठीवर पडून मेली तर बाई निर्दोष. तोंड खाली करून मेली तर चेटकीण. झाला न्याय! आणि कोंबडीनं निर्दोष ठरवलं तरी गाव बाईला परत घेईलच असं नाही.

अशी गाम्बागा एकटीच नाही. कुकुओ, न्यानी, क्पातिंगा इथंही अशा बायांच्या वस्त्या आहेत. ॲक्शनएड या संस्थेनं २०१२ साली अशा सहा वस्त्यांची मोजदाद दिली होती. सुमारे आठशे बाया आणि त्यांच्याबरोबर पाचशे पोरं. पोरं कशाला? तर म्हातारीच्या हाताशी कुणीतरी लागतं म्हणून नात तिच्याबरोबर धाडून देतात. नातीची शाळा तिथंच संपते. पाणी भरा, लाकडं वेचा. पेरणी आली की ह्याच बाया राजाच्या शेतावर राबतात. घरच्यांना एखादीला परत न्यायचं झालं तर राजाला मोबदला द्यावा लागतो. याबा बाडो ह्या घानाच्याच बाईनं २०१० साली गाम्बागाच्या बायांवर माहितीपट काढला. ती कुणा गोऱ्याची चाकर नव्हती. तिनं आपल्या मुलखातल्या बायांची गोष्ट त्या बायांच्याच तोंडून जगाला ऐकवली.

आता मला सांगा, ही अंधश्रद्धा आहे की फुकटची वेठ आहे? माझं उत्तर साफ आहे. दोन्ही एकच आहेत. अंधश्रद्धेला नुसतं अज्ञान म्हणणारे लोक तिचा हिशेब बघत नाहीत. रांडाव बाईच्या वाटणीचं घर आणि शेत मागं राहतं, ते कुणाला मिळतं, हे बघा. तिचे हात कुणाच्या शेतावर जातात, हे बघा. येसकराच्या हातात काठी देऊन गावानं त्याला चोवीस तास राबवलं, आणि वर म्हणाले, हा तुझा धर्म. तो धर्म आपण ओळखतो. गाम्बागात बसलाय तो त्याचाच मावसभाऊ.

दुसरी गोष्ट राजाची. उत्तर घानात राजा सिंहासनावर बसत नाही, कातड्यावर बसतो. दागबोनचा राजा, त्याला या-ना म्हणतात, तो सिंहाच्या कातड्यांच्या थरावर बसतो. गादीला तिथं कातडंच म्हणतात. मेलेल्या ढोराचं कातडं ओढलं म्हणून आपले बापजादे अस्पृश्य ठरले. तिथं कातड्यावर बसतो तो राजा ठरतो. म्हणजे विटाळ कातड्यात नव्हता दोस्तांनो. कातडं कोण ओढतो आणि कोण त्याच्यावर बसतो, एवढाच सवाल होता.

आता विद्वान म्हणतील, ही राजेशाही आफ्रिकेची प्राचीन परंपरा आहे. दागोम्बांचं राज्य जुनं आहे, मला मान्य आहे. घोडेस्वारांचं ते राज्य शेकडो वर्षांचं. पण त्याच भागात कोंकोम्बा नावाचे शेतकरी लोक राहतात. यामचा कंद पिकवणारे. त्यांच्यात राजाच नव्हता. कुळातले म्हातारे बसून निवाडा करायचे. मग इंग्रज आला. त्याला कमी साहेबांत मोठा मुलूख चालवायचा होता. त्यानं काय केलं? दागोम्बा, नानुम्बा, गोन्जा, माम्प्रुसी ह्या राजेवाल्यांना हाताशी धरलं आणि बिनराजाच्या माणसांना त्यांच्या गोठ्यात बांधलं. १९३२ साली नेटिव्ह ऑथॉरिटीचा कायदा झाला. राजाला कोर्ट मिळालं, तिजोरी मिळाली, शिपाई मिळाले. कोंकोम्बांच्या वाट्याला आली खंडणी, दंड आणि राजाच्या शेतावरची वेठ.

हे वाचताना तुम्हाला काही आठवत नाही का? इंग्रजानं १८७४ च्या कायद्यात आपलं वतन असंच नोंदवून ठेवलं होतं. गावानं लादलेली वेठ सरकारी दप्तरात गेली आणि ‘हक्क’ म्हणून बाहेर आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्याच कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, ते उगाच नाही. वतन हीच आपल्या गळ्यातली साखळी आहे, हे त्यांनी आपल्याच लोकांना समजावून सांगितलं.

तेव्हा विद्वानांनो, उलटं ऐका. घानाच्या राजावर टीका केली म्हणजे गोऱ्याचा चष्मा लागतो, असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, राजाच्या हातातला दंडुकाच गोऱ्यानं दिलेला आहे. राजाला हात लावू नका म्हणणारा माणूस गोऱ्याच्या कारभाराची राखण करतो.

आणि हा कारभार गोऱ्याबरोबर गेला नाही. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला. एन्क्रुमा यांनी राजांचे पंख बरेच छाटले. पण त्यांना १९६६ साली लष्करानं उलथवलं आणि पुढं राजे पुन्हा वर आले. १९७९ च्या संविधानानं उत्तरेची जमीन, जी तोवर सरकारच्या ताब्यात होती, ती परंपरागत मालकांकडं दिली. परंपरागत मालक म्हणजे कोण? ज्यांना गादी आहे ते. ज्याला राजा नाही त्याला जमीन नाही. कोंकोम्बा पिढ्यान् पिढ्या कसतात ती माती एका कलमानं दुसऱ्याची ठरली. दोनच वर्षांनी, १९८१ साली, कोंकोम्बा आणि नानुम्बा यांच्यात रक्त सांडलं.

मग १९९४. ३१ जानेवारीला नाक्पायिलीच्या बाजारात एका गिनी कोंबडीच्या सौद्यावरून दोघांची जुंपली. बघता बघता सगळी उत्तर पेटली. सरकारी अंदाज हजार ते दोन हजार मेल्याचा. इतरांचे अंदाज पंधरा हजारांपर्यंत जातात. शेकडो गावं जळाली. जगभरच्या पेपरांनी काय नाव दिलं? ‘गिनी कोंबडीचं युद्ध’. म्हणजे काळी माणसं कोंबडीवरून एकमेकांना कापतात, असं वाचणाऱ्यानं हसावं.

हे नाव देणारे मला चांगले ठाऊक आहेत. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा त्याला ‘दंगल’ म्हणणारे हेच. आज एखाद्या गावात आपला पोरगा मारला जातो तेव्हा ‘किरकोळ कारणावरून वाद’ लिहिणारे हेच. कोंबडी किरकोळ होती. जमीन किरकोळ नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ साली, कोंकोम्बांच्या तरुणांच्या संघटनेनं अर्ज केला होता की साबोबाच्या आमच्या प्रमुखाला मोठ्या राजाचा दर्जा द्या. या-नानं नाही म्हटलं. स्फोट तिथं होता. कोंबडी नुसती काडी.

पण इथं मला कोंकोम्बांच्या तरुणांशीही भांडायचंय. भावानं भावाशी भांडावं तसं. त्यांनी राजा मागितला. का मागितला ते मी समजतो. संविधानानं जमिनीचा दरवाजा गादीतूनच काढला, तर माणूस गादीच मागणार. पण पाटलाच्या जुलमावर इलाज म्हणून आपण आपल्या वस्तीसाठी वेगळा पाटील मागितला असता तर? बाबासाहेबांनी महारांचा पाटील मागितला नाही. गावगाडाच मोडा म्हणाले. गादी वाटून घेतल्यानं गुलामी संपत नाही. तिला नवा मालक तेवढा मिळतो, आणि त्या मालकाच्या हाताखाली पुन्हा कुठली तरी म्हातारी कोंबडीपुढं उभी राहते.

गादी किती पवित्र असते ते बघायचं तर बॉकूला चला. तिथं कुसासी जास्त, पण इंग्रजाच्या कारभारात गादी माम्प्रुसींची. १९५७ साली कुसासी राजा बसला. १९६६ साली लष्करी सरकारनं हुकूम काढून त्याला उठवलं. १९८३ साली दुसऱ्या लष्करी सरकारनं हुकूम काढून त्याच घराण्याला परत बसवलं. ही म्हणे अनादि परंपरा! अक्रामध्ये सरकार बदललं की बॉकूची परंपरा बदलते. २०२१ पासून तिथं पुन्हा गोळ्या चालल्या. बाजार बंद, संचारबंदी, शाळा ओस. मेले ते कोण? कातड्यावर बसणारे नव्हे. हातावर पोट असणारे.

आता कायद्याचं बघा. २०२० च्या जुलैमध्ये काफाबा गावात नव्वद वर्षांच्या एका बाईला चेटकीण म्हणून दिवसाढवळ्या, लोकांच्या देखत ठेचून मारलं. बोट दाखवलं ते एका देवऋषी बाईनं. लोक उभे राहिले, चित्रीकरण झालं, सोडवायला कुणी गेलं नाही. साऱ्या घानाला लाज वाटली. फ्रान्सिस-झेवियर सोसू आणि इतर काही खासदारांनी बिल आणलं. कुणाला चेटकीण म्हणणं, हाकलणं हाच गुन्हा. २०२३ च्या जुलैमध्ये संसदेनं ते मंजूर केलं. आणि डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अकुफो-अडो यांनी सही नाकारली. कारण? बिल खाजगी सदस्यांचं आहे आणि त्यामुळं सरकारी तिजोरीवर बोजा पडतो. म्हणजे म्हातारीचा जीव हिशेबाच्या वहीत बसला नाही. त्याच देशाच्या १९९२ च्या संविधानात मात्र कलम २७० आहे. राजपदाची हमी देणारं. कुणाला राजा मानायचं हे ठरवण्याचा अधिकार संसद सरकारला देऊ शकत नाही, असं ते बजावतं. गादीला कलम आहे. म्हातारीला नाही.

कुणी म्हणेल, वस्ती आहे म्हणून तर बाया जगल्या. नाहीतर गावानं जाळलं असतं. हे खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. बोन्यासीची वस्ती २०१४ साली बंद केली. पण वस्तीला कुलूप लावल्यानं गावाचं डोकं बदलत नाही. बाईला परत गावात पाठवायचं तर तिच्या नावावर घर पाहिजे, शेत पाहिजे, आणि तिच्याकडं बोट दाखवणाऱ्याला तुरुंग पाहिजे. राजाचा आसरा हे पिंजऱ्याचं दुसरं नाव आहे. बाहेर वाघ सोडलेत म्हणून आत बसलेली बकरी पिंजऱ्याची आरती करीत नाही.

दुसरा म्हणेल, आपल्याकडं शाहू महाराज होते, राजा वाईटच कशाला? शाहू महाराज आपल्याला का आठवतात? १९०२ साली त्यांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१८ साली महार वतनाची वेठ मोडली. राजाच्या हातानं राजेशाहीचा आधार कापला म्हणून आपण त्यांना मानतो. असा राजा उत्तर घानात निघाला तर त्यालाही मी जयभीम घालीन.

आणि ‘आधी आपली घाण काढा’ म्हणणाऱ्यांना सांगतो. काढू की! सातपुड्यात आदिवासी बाईला डाकीण म्हणून मारतात, तेव्हा आपल्यातले किती जण तिथं जातात? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठं त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा आहे. त्या कायद्यानं तक्रार लिहून घ्या म्हणून चौकीत ठाण मांडणारे कार्यकर्ते पाहिजेत. ते काम आणि गाम्बागावर बोलणं ही एकच लढाई आहे. एक सोडून दुसरी करता येत नाही.

काळ्या माणसाशी आपलं नातं आहे. मी ते शंभरदा सांगेन. पण नातं कुणाशी, ते प्रत्येकानं बोट ठेवून सांगावं. सिंहाच्या कातड्यावर बसलेल्याशी, की कोंबडी कशी पडते ते श्वास रोखून बघणाऱ्या म्हातारीशी? राजाच्या मिरवणुकीशी, की आपली नसलेली जमीन कसणाऱ्याशी? दोघांशी जमणार नाही. गावकुसाच्या आत आणि बाहेर एकाच वेळी राहता येत नाही.

मी बाहेरचा आहे. गाम्बागाची म्हातारीही बाहेरची आहे. माझा जयभीम तिला.