रिपोर्ट निगेटिव्ह, तरी हिपॅटायटिस बी? एचआयव्हीसोबत जगणाऱ्या महिलांनी गोळी बदलण्याआधी काय विचारावं

महागावसारख्या तालुक्यात बाई गरोदर राहिली की एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बीचीही तपासणी होणं अपेक्षित असतं. पट्टीवर एकच रेघ आली की 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद फायलीत जातो. बहुतेकींसाठी विषय तिथे संपतो. एचआयव्ही असलेल्या काही जणींसाठी मात्र नाही.

ही पट्टी एचबीएसएजी शोधते, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. विषाणू यकृतात दडून राहिला आणि हे प्रथिन रक्तात फारच कमी उतरलं, तर पट्टीला काही दिसत नाही. विषाणूचा डीएनए मात्र शरीरात असतो. हाच 'ऑकल्ट', म्हणजे छुपा हिपॅटायटिस बी. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो जास्त सापडतो, कारण दोन्ही विषाणू रक्त, लैंगिक संबंध आणि आईकडून बाळाला अशा त्याच वाटांनी येतात. शिवाय कमजोर प्रतिकारशक्तीला जुना विषाणू पुरता दाबून ठेवता येत नाही.

मग घाबरायचं का? नाही. एआरटी केंद्रावर फुकट मिळणाऱ्या 'टीएलडी' गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. बाईच्या नकळत एकच गोळी दोन विषाणू आवरत असते.

खरा धोका गोळी सुटते तेव्हा. ऊसतोडीला गेल्यावर डबी संपते, सासरी ती लपवावी लागते, महागावहून आर्णीमार्गे यवतमाळ गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते. गोळी थांबली की दबलेला विषाणू उसळून यकृताला सूज येऊ शकते, कावीळ होऊ शकते. आणि कावीळ म्हटलं की आपल्याकडे आधी माळ घालणारा आठवतो! त्यात गेलेले दिवस जिवावर बेतू शकतात.

दुसरा धोका औषध बदलताना. मूत्रपिंडावर परिणाम दिसला की टेनोफोविर काढून अबॅकॅविर दिलं जातं. एचआयव्हीसाठी ते ठीकच, पण अबॅकॅविर हिपॅटायटिस बीवर चालत नाही, आणि एकट्या लॅमिव्हुडिनला हा विषाणू काही वर्षांत दाद देईनासा होतो.

म्हणून औषध बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा: 'अँटी-कोअर' तपासणी झाली आहे का? विषाणू कधी शरीरात शिरला होता का, ते ही रक्ततपासणी सांगते. ती पॉझिटिव्ह आली तर डीएनए चाचणी करता येते. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बीचे उपचार मोफत आहेत, पण त्याचं पहिलं दार एचबीएसएजीच. छुपा संसर्ग असलेली बाई दारातूनच परत फिरते, ही या कार्यक्रमातली मोठी फट आहे.

बाळासाठी उपाय सोपा आहे. आईचा रिपोर्ट काहीही असो, जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या.