मीच ती अटॅचमेंट उघडली होती

गेल्या सेमिस्टरला आपल्या हॉस्टेलमध्ये मेलवरून जो व्हायरस फिरला, त्याची सुरुवात कुणी केली यावर मेसमध्ये आठवडाभर चर्चासत्र चाललं होतं. कुणी म्हणे फर्स्ट इयरवाल्यांनी क्रॅक केलेला गेम टाकला, कुणी म्हणे गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा पेनड्राइव्ह. मीही पोळी खाता खाता मान डोलावत होते. आता सांगूनच टाकते. सुरुवात माझ्यापासून झाली. आणि हो, मी कॉम्प्युटर ब्रँचची आहे. हसून घ्या!

(माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. इंग्रजी विभागात लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण हॉस्टेल ऑफिसमधले काका तो विभाग वाचत नाहीत, आणि त्यांनाही माझ्याच नावाने तो मेल गेला होता.)

तर झालं असं. रात्रीचा एक वाजलेला. मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टवरून आमच्या ग्रुपचे मेल इकडून तिकडे चालले होते. त्याच मेलला उत्तर म्हणून, ग्रुपमधल्याच मुलीच्या नावाने एक झिप फाइल आली. ‘फायनल करेक्शन’ एवढंच लिहिलेलं, खाली झिपचा पासवर्ड. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल. मी डबल क्लिक केलं. एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि मग काहीच झालं नाही. त्या ‘काहीच झालं नाही’नेच पोटात गोळा आला.

यातलं सगळं मला पुस्तकात पाठ होतं बरं का. मेल कंपन्या डॉट ईएक्सई फाइल अडवतात, पण झिपला पासवर्ड लावला की तपासणाऱ्या प्रोग्रॅमला आतलं दिसत नाही. म्हणून कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात घालून पाठवतात. विंडोज तर आजही आपण सेटिंग बदललं नाही तर फाइलच्या नावातलं शेवटचं एक्स्टेंशन लपवून ठेवतं. त्यामुळे ‘रिपोर्ट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ आपल्याला नुसतं ‘रिपोर्ट डॉट पीडीएफ’ दिसतं. वायव्हामध्ये विचारलं असतं तर मी दहापैकी नऊ मार्क घेतले असते.

मग उघडली कशी? विरार लोकलने जाणारे आपण सगळे स्टेशनवरची सूचना रोज ऐकतो, की बेवारस वस्तूला हात लावू नका. आपल्याला सावधपणा शिकवलाय तो असा, बेवारस वस्तूबद्दलचा. मेलमधला व्हायरस बेवारस नसतो. तो मैत्रिणीच्या नावाने, तिच्याच मेलच्या शेपटीला लागून येतो. गर्दीत ओळखीच्या बाईने बॅग धरायला दिली तर आपण चेन उघडून बघतो का? इमोटेट नावाच्या व्हायरसने हीच युक्ती जगभर वापरली. लोकांचे जुने मेल चोरायचे आणि त्यांनाच उत्तर पाठवायचं. २०२१ च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत आला.

आणि ही युक्ती आपल्यापेक्षा वयाने मोठी आहे. ४ मे २००० ला ‘आय लव्ह यू’ विषयाचा मेल जगभर पसरला. सोबत ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ नावाची फाइल. शेवटचं व्हीबीएस लपलेलं, म्हणून साधं पत्र वाटायचं. उघडलं की ती आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप जायची आणि तुमचे फोटो खराब करायची. ब्रिटनच्या संसदेला आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली होती. खासदारांनाही प्रेमपत्र उघडावंसं वाटलंच ना! लिहिणारा मनिलाचा ओनेल डी गुझमन, आपल्यासारखाच कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. पासवर्ड चोरण्यावरचा त्याचा प्रोजेक्ट कॉलेजने नाकारला होता. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. आपल्याकडे आयटी कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि व्हायरस सोडणं त्यात आलं.

असो. माझी खरी चूक ती फाइल उघडणं नव्हे, पुढचे दोन दिवस गप्प बसणं. वर्गातल्या मुली लॅपटॉप बिघडला की माझ्याकडे येतात. त्यांना काय सांगणार? मी गुपचूप पासवर्ड बदलला. तोही त्याच लॅपटॉपवरून! म्हणजे चोर घरात बसलेला असताना त्याच्यासमोर नवं कुलूप लावलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या नावाने मेल सुटले.

त्यातला एक आमच्याच मजल्यावरच्या, जव्हारहून आलेल्या ज्युनियरला गेला. तिचा लॅपटॉप सेकंडहँड, मामाने हप्त्यावर घेऊन दिलेला. ताईने पाठवलंय म्हणून तिने लगेच उघडलं. लॅबमधल्या सरांना तो फॉरमॅट करावा लागला. सेमिस्टरभराच्या कॅडच्या शीट्स, सी चे प्रोग्रॅम, घरचे फोटो, सगळं गेलं. बॅकअप नव्हता. संध्याकाळी ती माझ्या रूमवर आली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही पाठवलेलं मी नीट उघडलं नाही वाटतं. माझ्याकडून काही चुकलं का?” मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं सांगायला मला अजून एक रात्र लागली.

त्यानंतर नोटीस लागली, की संशयास्पद मेल उघडणाऱ्या विद्यार्थ्यांवर कडक कारवाई होईल. स्टाफबद्दल पूर्ण आदर ठेवून मला या नोटिशीशी भांडायचं आहे. दंडाच्या भीतीने फाइल उघडणं थांबत नाही, कारण उघडताना ती संशयास्पद वाटतच नाही. थांबतं ते फक्त सांगणं. मी एक वाजून पाच मिनिटांनी वॉर्डन मॅडमचं दार वाजवलं असतं, वायफाय बंद केलं असतं, दुसऱ्याच्या मशीनवरून पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट केलं असतं, आणि ग्रुपवर ‘माझ्या नावाचा मेल उघडू नका’ एवढी एक ओळ टाकली असती, तर त्या मुलीच्या शीट्स वाचल्या असत्या. नोटीस असती तर मी दार वाजवलं असतं का? मुळीच नाही.

पुण्यात नव्वदच्या दशकात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक कॉम्प्युटर घेऊन यायचे. अनेक मशीनना व्हायरस लागलेला असायचा. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या भावाने, संजय काटकरांनी, तो काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. लोकांनी लाजून मशीन घरीच झाकून ठेवली असती तर काय झालं असतं? हॉस्टेलमध्येही तसं एखादं दुकान हवं. एक माणूस, एक नंबर, रात्री फोन केला तरी न ओरडणारा. दंड नाही, नाव जाहीर नाही.

घरीही हेच सांगा. २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती. सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आई-बाबांकडून असं काही झालं तर ‘तुम्हाला कळत कसं नाही’ हे वाक्य गिळून आधी १९३० ला फोन लावा. जितका लवकर लागेल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ज्युनियरच्या अजून चार शीट्स बाकी आहेत. रविवारी दुपारी आम्ही दोघी रीडिंग रूममध्ये बसून त्या काढतो. कुणाच्या स्क्रीनवर काळी खिडकी चमकून गेली असेल तर तिथे या. रविवारपर्यंत थांबू मात्र नका, रूमवर या.