दोर बरा की सुई?

आमचे अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि अमरावतीचे पंजाबराव देशमुख ज्या घटना समितीचे सभासद होते, तिथे ३ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी फाशीची शिक्षाच रद्द व्हावी, असा कौल दिला. पाऊण शतकानंतर आपण वाद कशाचा घालतो? दोर बरा की सुई!

१९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या न्यायपीठाने दोर झटपट आणि खात्रीचा ठरविला. २००३ साली विधी आयोगाने विषाच्या इंजेक्शनचा पर्याय सुचविला. २०२३ साली त्यांचेच चिरंजीव सरन्यायाधीश असताना न्यायालयाने सरकारला विचारले : फाशीत जीव जायला वेळ किती लागतो, वेदना किती होतात?

मी मास्तर माणूस. छडी वेताची असावी की निरगुडीची, हा वाद लहानपणी मी ऐकला आहे. तो पोरांच्या तळहातासाठी नव्हता. मास्तरांना रात्री झोप लागावी म्हणून होता.

पुण्याच्या एका खटल्यातील दोघांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१७ साली फेटाळला. फाशीची तारीख ठरली २०१९ साली! गुन्हा भयंकर होता, कबूल. पण जवळजवळ दोन वर्षे कागद कचेऱ्यांत पडून, आणि येरवड्यात ते दोघे रोजची पहाट मोजताहेत! या दिरंगाईपायी उच्च न्यायालयाने फाशी काढून ३५ वर्षांची कैद दिली; २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. हा छळ दोराने केला नव्हता; सुईने तो टळलाही नसता. वेदनाच मोजायच्या, तर मायबाप सरकारने त्या दोन वर्षांपासून सुरुवात करावी.