बाईची ओळख नवऱ्याच्या मोबाईलवर?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांवर ई-केवायसीची सक्ती केली. बाईने आपला आधार क्रमांक द्यायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. इथपर्यंत समजू शकते. पण एवढ्याने भागत नव्हते. पुढे नवऱ्याचा, आणि लग्न झालेले नसेल तर वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, त्यांच्या मोबाईलवर गेलेला ओटीपीही. दरमहा दीड हजार रुपये बाईच्या खात्यात, पण त्या खात्याची किल्ली पुरुषाच्या खिशात!

मी वरळीच्या बीडीडी चाळींत काम करते. १९२० च्या दशकातल्या या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पण चाळीतली बाई असो की टॉवरमधली, त्या महिन्यांत दोघींचा प्रश्न एकच होता. कोणाचा नवरा म्हणे, “ओटीपी देतो, पण पैसे माझ्या हातात ठेवायचे.” कोणाचा नवरा भांडण झाले की मोबाईल लपवी. एक बाई मला म्हणाली, “ताई, ज्याने दहा वर्षांत पोरांना भाकरी घातली नाही, तो ओटीपी कुठला देतोय?”

या प्रश्नाचे उत्तर योजना आखणाऱ्यांनी द्यायला हवे. कारण २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा पात्र स्त्रियांमध्ये विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्ता आणि निराधार स्त्रियाही होत्या. म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायका आहेत, हे सरकारला ठाऊक होते. तरीही ई-केवायसीच्या वेळी त्याच नवऱ्याला शोधून आणायला सांगितले गेले. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि सवलतही आली : नवरा किंवा वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला द्या, घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद किंवा कोर्टाचा आदेश द्या. पण परित्यक्तेने काय द्यायचे? टाकून गेलेला नवरा जाताना दाखला लिहून देत नाही. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हाही मुद्दा हाच होता की या बाईला समाजात आणि कागदावर जागाच नाही. इतक्या वर्षांनी संगणकाच्या पडद्यावरही तिच्यासाठी रकाना नसावा?

यावर सांगितले जाते की कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासायला नको का? जरूर तपासा. पण जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचे जाहीर केले, ते वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडची माहिती पडताळून. त्यासाठी एकाही नवऱ्याचा मोबाईल लागला नव्हता. आणि ओटीपीने उत्पन्न कळत नाही. मोबाईल ज्याच्या हातात आहे त्याची परवानगी आहे, एवढेच कळते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका रोज बजावतात. इथे मात्र बाईने तो नवऱ्याकडे मागायचा, आणि बहुतेकदा सायबर कॅफेतल्या परक्या मुलाला सांगायचा.

‘कॉम्प्युटरच घेत नाही, आम्ही काय करणार?’ हे उत्तर आपण किती काळ ऐकून घ्यायचे? कॉम्प्युटर स्वतःहून काही ठरवत नाही. कोणता रकाना सक्तीचा, कोणता ऐच्छिक, हे माणसे ठरवतात. ‘बाईमागे पुरुष असतोच’ हे जुने गृहीतकच इथे अर्जात उतरले. पूर्वी साहेबासमोर बाई निदान भांडू शकत होती. पडद्यावरच्या लाल अक्षरांशी ती कशी भांडणार?

याच राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. कागदावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मोबाईलवर मात्र नवऱ्याची साक्ष लागते!

मैत्रिणींनो, ही मुदत संपली, पण प्रश्न संपलेला नाही. पुढची योजना, पुढचे ॲप येईल तेव्हा हाच रकाना पुन्हा समोर येईल. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. बाईच्या हक्काच्या कोणत्याही योजनेत नवऱ्याच्या वा वडिलांच्या ओटीपीची अट नको. परित्यक्तेचे स्वतःचे निवेदन आणि स्थानिक चौकशी पुरेशी मानावी. बाईचे म्हणणे ऐकून, लेखी कारण दिल्याशिवाय पैसे थांबवू नयेत. आणि असे अर्ज तयार करताना स्त्री-संघटनांना व अंगणवाडी सेविकांना आधी विचारावे.

आपापल्या वस्तीत ज्यांचे पैसे अडले त्या बायकांची यादी करा. माहितीच्या अधिकारात कारणे मागा. एकेकटी बाई खेटे घालून थकते. दहाजणी यादी घेऊन गेल्या, तर कॉम्प्युटरमागे बसलेल्या माणसाला उत्तर द्यावेच लागेल.