हँडलवरचा जुना फोन

बहुतेक घरांत एखाद्या खणात एक निवृत्त फोन पडलेला असतो. काच कोपऱ्यात तडकलेली, चार्जरची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय लागत नाही, आणि एक्स्चेंजमध्ये त्याचे इतके किरकोळ पैसे मिळतात की देववत नाही. हा फोन माउंटन बाइकच्या हँडलवर वाटाड्या म्हणून बसवावा का, यावर सह्याद्रीत सायकल घालणाऱ्यांत दोन तट आहेत, आणि दोन्हीकडे भरपूर डोंगर फिरलेली माणसे आहेत.

बसवावा म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही. फोन उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारख्या अ‍ॅपवर घरच्या वायफायवरून नकाशा उतरवून ठेवला की पुढे नेटची गरज उरत नाही. उलट सिमवाला फोन मुळशी-पवनेच्या खोऱ्यात टॉवर शोधण्यातच बॅटरी जाळतो. (गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा इथे फारसा कामाचा नाही. नेट नसताना तो मोटारीची वाट सांगतो. सायकलची किंवा पायी जाण्याची सांगत नाही.) दुसरा मुद्दा खिशाचा आहे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसते हे खरे, पण कातळावरून उतरताना बसणारे हादरेही काही कमी नसतात. जुन्या फोनचा कॅमेरा गेला तर रडणार कोण?

मात्र विरोधकांचे म्हणणे कॅमेऱ्याबद्दल नाहीच, ते बॅटरीबद्दल आहे. चार-पाच वर्षे वापरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. पडदा पूर्ण उजळलेला आणि जीपीएस सतत चालू असला की तिचे व्होल्टेज एकदम घसरते आणि आकडा बरा दिसत असतानाच फोन मान टाकतो. हे मी स्वतः भोगले आहे. तिकोना पेठेच्या अलीकडे, करवंदीच्या जाळ्यांतून तीन ढोरवाटा फुटतात अशा ठिकाणी, ३८ टक्के दाखवणारा माझा फोन काळा पडला. पॉवर बँक लावून तो जागा झाला, पण ठावठिकाणा सांगेना. नेट असले की उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला आयती मिळते. नसले की ती उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते. त्याला मोकळ्या आभाळाखालीही अर्धे मिनिट लागते, झाडीत कितीतरी जास्त. तेवढ्यात म्हशी घेऊन आलेले एक मामा म्हणाले, "खालची धरा. वरली कड्यापाशी सरते." नकाशात मात्र वरचीच वाट ठळक होती.

सायकलसाठीच बनवलेल्या जीपीएस कॉम्प्युटरच्या बाजूने बोलायचे तर त्याचा पडदा एप्रिलच्या उन्हातही वाचता येतो आणि बटणे असलेले मॉडेल ओल्या हातांनीही चालते. फोनच्या काचेला पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. ताम्हिणीच्या पावसात नकाशा आपोआप सरकू लागतो. दुसरीकडे, या उपकरणाची किंमत बऱ्याचदा मध्यम प्रतीच्या नव्या फोनएवढी असते. शिवाय त्यातला नकाशाही पुष्कळदा ओपनस्ट्रीटमॅपचाच, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेल्या माहितीवर उभा. सह्याद्रीतली जी पायवाट कोणी नोंदवलीच नाही, ती महागड्या उपकरणालाही ठाऊक नसते.

हँडलवर काहीच नको, म्हणणाराही एक गट आहे. उतारावर नजर पुढच्या दगडावर हवी, पडद्यावर नव्हे. फाटा आला की थांबावे, खिशातला रोजचा फोन काढून पाहावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे मला सर्वांत पटते. अडचण इतकीच की धापा टाकत चढताना दर फाट्याला कोणी थांबत नाही, आणि चुकलेली वाट कळते ती दोन किलोमीटर उतरून गेल्यावर.

तरीही माझा कौल जुन्या फोनलाच आहे, पण कोरड्या ऋतूतल्या अर्ध्या दिवसाच्या फेरीपुरता. पावसाळ्यात किंवा दिवसभराच्या अनोळखी वाटेवर जाणाऱ्याने वेगळे उपकरण घेतले तर त्याला उधळ्या म्हणू नये. कौल देताना एक अट मात्र मी सोडणार नाही. जुन्या फोनकडे काम फक्त नकाशाचे. रोजचा फोन पूर्ण चार्ज करून, बंद ठेवून पाठीवरच्या पिशवीत, कारण पाय मोडला तर ११२ लावायचा आहे तो त्याच्यावरून. जुना फोन घेतला म्हणून रोजचा घरी ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांनी वाचवले काय, हे मला समजलेले नाही.

निघण्याआधी जुना फोन फ्लाइट मोडवर टाकून, नकाशा उघडा ठेवून घराजवळच तासभर सायकलवर फिरवा. बॅटरी किती उतरते ते लिहून ठेवा. मागचे झाकण जरासुद्धा फुगलेले दिसले, तर तो फोन हँडलवरही नको आणि खणातही नको. त्याला चार्जिंगला न लावता ई-कचरा केंद्रावर देऊन टाका.